नानांना दिलेला शब्द

१४ ऑक्टोबर १९६४

काल तेरावा उरकला. ह्यांच्या डायरीत पुढची सगळी पानं कोरी आहेत. फेकवत नाहीत, म्हणून लिहिते. अक्षर बरं आहे माझं. फैजपूरला सातवीच्या फायनलला दुसरी आले होते.

दुपारी जिल्ह्याचे अध्यक्ष आबासाहेब आले, जळगावहून. बरोबर चौघे. वाटलं, पुन्हा सांत्वन. चहा झाल्यावर म्हणाले, "अक्का, भाऊंची जागा रिकामी ठेवून चालायचं नाही. पोटनिवडणुकीला तुम्ही उभ्या राहा."

मी दाराच्या आत उभी. क्षणभर वाटलं, बाहेर दुसरी कुणी अक्का बसलीय की काय.

१५ ऑक्टो.

धाकटे दीर नाना सकाळपासून गप्प. ह्यांच्यामागे आमदारकी नानांची, असं सगळे धरून होते. मीही. धाकट्या भावाने सोळा वर्षं शेती ओढली, केळी लावल्या, बाजार केले, म्हणून थोरल्याला सभा आणि दौरे जमले. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण नानांनी मागे सोसायटीच्या निवडणुकीत आबासाहेबांच्या माणसाला पाडलं होतं. ते आ.सा. विसरलेले नाहीत.

भडगावचे रतनलाल शेठजी येऊन गेले. कापडाचं दुकान आणि पक्षाचं तालुक्याचं काम, दोन्ही एकाच गादीवरून चालवतात. म्हणाले, "अक्का, राग मानू नका. नाना उभे राहिले तर लोक विचार करतील. तुम्ही उभ्या राहिलात तर रडतील." राग आला. पण माणूस खोटं बोलला नाही.

१८ ऑक्टो.

मिटलं एकदाचं. अंगणात बैठक. आ.सा., शेठजी, भाऊबंदकीतले पाच म्हातारे. माझ्या हातात बेलाचं पान आणि भंडारा दिला. मी म्हटलं, "ह्यांची उरलेली मुदत मी बसेन. पुढच्या निवडणुकीला जागा नानांची." भंडारा उचलला म्हणजे झालं. आमच्याकडे मग त्यावर कागद लागत नाही.

नाना म्हणाले, "वहिनी, तुम्ही नुसत्या बठा. बाकी बठ्ठं मी दखसू." सगळं तेच बघणार, मी फक्त बसायचं.

मनापासून बोलले मी. खरं तर तेव्हा एवढंच वाटत होतं की ही सगळी माणसं लवकर उठून जावीत.

९ जानेवारी १९६५

आज चार गावं. माझं भाषण दोन वाक्यांचं: "ह्यांचं काम अर्धं राहिलंय. ते पुरं करायला तुमच्या दारी आले." पुढे आ.सा. बोलतात, मग नाना. मी खुर्चीत पदर घेऊन बसते. बायका रडतात. पहिल्या दिवशी मीही रडले. आज तिसऱ्या गावात रडू येईना, तर आ.सा. खाली वाकून म्हणाले, "दमलात का अक्का?"

जीपमध्ये सगळा वेळ नाना कागद धरून. कुठल्या गावात कोण रुसलंय, कुणाच्या घरी पाणी तरी प्यायलाच हवं, सगळं तोंडपाठ.

फेब्रुवारी, तारीख आठवत नाही

निवडून आले. मतं चांगली पडली.

जळगावला मिरवणुकीत घोटाळा. हार कुणी घालायचा? विधवा बाईच्या गळ्यात परपुरुषाने हार घालायचा नाही, आणि बायकांना कुणी पुढे येऊ देईना. पाच मिनिटं सगळे हार धरून उभे. शेवटी आ.सा.नी हार माझ्या हातात दिला, बाजारातली भाजी द्यावी तसा. मी तो नानांच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. नाना लाजून लाल झाले.

११ मार्च १९६५, मुंबई

आमदार निवासात खोली. नळाला पाणी पहाटे चारला. जिन्यावर पुरुषच पुरुष, सगळे मला बघून भिंतीला चिकटतात.

सभागृहात आज सातवा दिवस. हात वर करायचा तेव्हा केला. बाकी गप्प. लेकीला, कुसुमला, पत्र टाकलं. नानांनी तिला जळगावच्या शाळेत घातलंय आणि दर रविवारी भेटून येतात. मला विचारलंही नाही, मीही विचारलं नाही.

१५ मार्च

गाडीत ओळख झालेले सोनगीरचे मास्तर आज उपाहारगृहात भेटले. विरोधी बाकावर बसतात, धुळ्याकडचे. वीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे समोर कुणीही आलं की शिकवतातच.

"अक्का, तुमच्या तालुक्यात काय नाही ते सांगा."

म्हटलं, गिरणा नदीवर फरशीपूल नाही. पावसाळ्यात पल्याडची गावं तुटतात.

"मग लेखी प्रश्न टाका. मा. मंत्री 'विचाराधीन आहे' म्हणतील. खाली बसू नका. विचारा, कधीपासून विचाराधीन आहे?"

मी म्हटलं, मी फक्त मुदतीपुरती आहे. मास्तर म्हणाले, "इथे सगळेच मुदतीपुरते आहेत."

२३ सप्टेंबर १९६५

गिरणेला पूर तीन दिवस. सावरखेड्याची बाळंतपणात अडलेली बाई खाटेवर घालून चौघांनी पाण्यात उतरवली, भडगावच्या दवाखान्यात न्यायला. मध्यात खाट सुटली. बाई गेली, पोट तसंच.

आज पाणी उतरल्यावर गेले. तिची सासू धान्य पाखडत होती. हातातलं सूप खाली ठेवलं नाही की मला बस म्हटलं नाही. परत येताना नाना म्हणाले, आपल्या हातात काय होतं वहिनी? मी म्हटलं, प्रश्न होता. टाकला नाही.

मला माझीच लाज वाटली. सहा महिने मी खोलीत बसून कुसुमला पत्रं लिहिली.

२९ मार्च १९६६, मुंबई

आज प्रश्न लागला. मंत्री म्हणाले, सदर कामाचा प्रस्ताव विचाराधीन आहे. मी उभीच. आवाज एकदम मोठा फुटला: "कधीपासून?"

सगळीकडे हशा. मंत्र्यांनी फाईल उलटीपालटी केली. सात वर्षांपासून. मग कुणी हसलं नाही. म्हटलं, "सात वर्षांत तिथे किती बाया बुडाल्या त्याचा आकडा फाईलमध्ये आहे का?" अध्यक्षांनी प्रश्न नाकारला. नाकारू देत.

जेवायच्या सुट्टीत मास्तर लांबूनच हात हलवून गेले. विरोधी पक्षाचा माणूस, जवळ येऊन शाबासकी देणार तरी कसा. मला दुपारी जेवण गेलं नाही. आनंदाने. चौथीत बक्षीस मिळालं होतं तेव्हा असं झालं होतं, त्यानंतर आजच.

४ डिसेंबर १९६६

मुदत संपत आली. नानांनी जळगावला कोट शिवायला टाकलाय, काळा, गळाबंद. द्वारकाने हळूच सांगितलं. जाऊ माझी, नानांपेक्षा तिलाच जास्त हौस. मी म्हटलं, छान दिसतील.

११ डिसें.

आ.सा.कडे बैठक. मी, नाना, शेठजी. आ.सा. म्हणाले, यंदा हवा बरी नाही, अक्कांना बदलून धोका नको. नानांना म्हणाले, "पुढची तुमची. माझा शब्द."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढंच म्हणायचं होतं की भंडारा मी उचललाय, जागा नानांना द्या. मी चहाच्या बशीकडे बघत बसले. गप्प बसायला मला कुणी शिकवावं लागत नाही, उभा जन्म तेच केलंय. पण आजचं गप्प बसणं वेगळं होतं आणि ते मला माहीत होतं.

नाना म्हणाले, "पार्टी म्हनस तसं."

परतीच्या वाटेवर एरंडोलला जीप थांबवून त्यांनी मला शहाळं पाजलं. ते जास्त लागलं.

फेब्रु. १९६७

पुन्हा निवडून आले. यंदा भाषण अर्धा तास. ह्यांचं नाव शेवटी एकदाच घेतलं, तेही शेठजींनी चिठ्ठी पाठवली म्हणून. कोट नानांनी एकदाही घातला नाही.

१७ नोव्हेंबर १९६७

फरशी मंजूर! कागद हातात आहे. नाना अंगणात सगळ्यांना वाचून दाखवताहेत, तिसऱ्यांदा.

अडचण एकच. अलीकडच्या काठाला रस्ता उतरवायचा तर आपल्या केळीच्या बागेतून. इंजिनिअर चाचरत सांगत होता. नाना म्हणाले, "खुना कराले लागा." आठ ओळी जातील. केळीची पिलं लावल्यापासून नानांनी ती बाग मुलासारखी जपलीय. खुंट्या मारताना स्वतः दोरी धरून उभे होते.

२ ऑगस्ट १९६८

परवा कानबाईचा सण. नैवेद्याच्या रोटासाठी गहू घ्यायला आज सगळी भाऊबंदकी जमली. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, असा हिशेब असतो. बायकांची मूठ नसते. तीन वर्षांपूर्वी ह्यांची बंद झाली तेव्हा मी आत जाऊन बसले होते.

नानांनी आपली घातली, मुलांची घातली, चुलत्यांची. मग टोपलीत हात घालून म्हणाले, "घरमां आमदार शे. तेनी मूठ ऱ्हायनी का?" आणि माझ्या नावाने सव्वा मूठ घातली. एक म्हातारा कुरकुरला. नानांनी ऐकलं नाहीसं केलं.

द्वारका हसत होती. मी आत जाऊन तोंड धुतलं. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. एवढा मान मला कुणी दिला नव्हता, ह्यांनीसुद्धा नाही.

१० मे १९७०

फरशीचं उद्घाटन. लिहायला बसलेय पण जमत नाहीय.

पल्याडच्या काठावर सावरखेड्याच्या बाया ताटं घेऊन उभ्या. मला पाटावर बसवलं. पदर पसरा म्हणाल्या. मी घाबरले, म्हटलं, अगं बायांनो, मी विधवा, माझी ओटी कसली भरता? तीच म्हातारी पुढे आली, सूप खाली न ठेवणारी. "माय, तुम्ही फरशी दिधी. तुमनी ओटी नही भरूत त कोनी भरूत?" खण, नारळ, तांदूळ. कुंकू लावलं नाही, तेवढं त्यांनी सांभाळलं. पदरात ओझं धरून मी तशीच स्टेजवर चढले. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं होतं.

भाषण झालं. मंत्र्यांचे आभार, आ.सा.चे आभार, इंजिनिअर, मुकादम, मजूर, सोनगीरच्या मास्तरांचंसुद्धा नाव घेतलं. भरपूर टाळ्या.

घरी आल्यावर द्वारका चुलीकडे तोंड करून म्हणाली, "तेस्नी केळी तोडी दिधी. तुम्ही तेस्नं नाव बी नही लिधं."

नाना तेव्हा मांडवामागे जेवणाच्या पंगती वाढत होते. दोनशे माणूस. स्टेजवर खुर्चीही नव्हती त्यांना. खुर्च्यांची यादी मीच केली होती.

११ मे

हे सोळा वर्षं भाषणं करत होते. घरी पंगती मी वाढायचे. एकाही भाषणात माझं नाव कधी आलं नाही. मनात यायचं, एकदा तरी घ्यावं. आणि मी काल नेमकं तेच केलं.

नानांना म्हटलं, चुकलं. म्हणाले, "त्यामां काय शे." आणि बैल घेऊन गेले. चार ठिकाणी अध्यक्ष नेमायचे असतील तर मला नीट बोलता येतं. इथे दोन शब्दांपुढे जाता आलं नाही.

८ ऑगस्ट १९७०

उद्या कानबाई. रोटाचे गहू घेतले. नानांनी आपली मूठ घातली, मुलांची, चुलत्यांची. टोपली सरकवली.

माझी नाही घातली. मागच्या वर्षी घातली होती.

जानेवारी १९७१

शेतीचं वर्षभराचं बोलणं झालं. पूर्वी नाना गप्पा मारत सांगायचे, आता सातबारा वाचल्यासारखं सांगतात. बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पाचोऱ्याला एस.टी.चा थांबा, दोन शाळांना खोल्या, गुढ्याला विहीर. कामं होताहेत. लोक आता पत्रात "आमदार अक्का" लिहितात, ह्यांचं नाव लिहीत नाहीत. मला आवडतं. कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

१९ डिसेंबर १९७१

आ.सा.चं बोलावणं. एकटीच गेले. आता थकलेत, एका कानाने ऐकतात. म्हणाले, "अक्का, दोन वेळा तुम्हाला दिली. नानांना मी शब्द दिलाय, तुम्हीही दिलाय. काय करायचं ते घरात ठरवा. पण मला सरळ सांगा, तुमच्या मनात काय आहे?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या वेळी सांगितलं, दुसऱ्या वेळी गृहीत धरलं.

म्हटलं, "मला हवी आहे."

मोठ्याने बोलावं लागलं, त्यांच्या चांगल्या कानाशी. बाहेर बसलेल्या शेठजींना ऐकू गेलं. जीपमध्ये बसताना म्हणाले, "सात वर्षं लावलीत अक्का चार अक्षरं बोलायला." म्हटलं, मोजू नका.

२६ डिसें.

फैजपूरला दोन दिवस, भावाकडे. आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तुले पाहिजे तं घे ना. पन त्याचं तोंड पाहून घे, पाठमोरी होऊन नको घेऊ." म्हातारीला आमदार आणि तलाठ्यातला फरक कळत नाही. पण हे तिलाच बोलता आलं, मला नाही.

३० जानेवारी १९७२

यादी आली. नाव माझं आहे. शेठजींनी पेढ्यांचा पुडा आणला, मी फोडू दिला नाही.

नानांना कुणीतरी भडगावला सांगितलं असणार. आले, हातपाय धुतले, जेवले. द्वारकाने वाढलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर ताट आपटलं असतं.

भाऊबंदकीतला एक म्हातारा पारावर म्हणत होता म्हणे, भंडारा उचलून फिरली, हिच्या हातचं पाणी पिऊ नये. ऐकून राग आला. मग वाटलं, म्हाताऱ्याचं चुकत नाहीय.

६ फेब्रु.

फॉर्म भरायचा. मुदत परवा दुपारी तीनपर्यंत, भडगावला कचेरीत. फॉर्मवर सूचक म्हणून मतदारसंघातल्या एका मतदाराची सही लागते. शेठजी पेन काढून तयार. "अक्का, माझीच सही आहे दोन्ही वेळेला. ह्यात काय विचार करायचा?"

म्हटलं, थांबा. ह्या वेळी सही नानांची. नाहीतर फॉर्म नाही.

शेठजींनी पेनाचं टोपण लावलं. "ते स्वतः उभे राहिले तर? अपक्ष? निम्मा तालुका आहे त्यांच्यामागे."

"राहू देत. हक्क आहे त्यांचा."

"तुमचं डोकं फिरलंय," असं शेठजी पहिल्यांदाच म्हणाले. एरवी फार तोलून बोलणारा माणूस.

७ फेब्रु., दुपार

बागेत गेले. एकटी. नाना केळीला पाणी देत होते. विहिरीला यंदा पाणी कमी, एक आड एक सरी भिजवताहेत. मला बघून पाण्याचं बारं मोडलं नाही, पाणी चालूच ठेवलं. मी बांधावर उभी.

जे बोलले ते लिहून ठेवते. नंतर मला सोयीचं तेवढंच आठवेल म्हणून.

म्हटलं, "नाना, मी भंडारा उचलून तुम्हाला शब्द दिला होता. तो मोडायला आले नाही. परत मागायला आले. तुम्ही नाही म्हणालात तर मी घरी बसेन. शेठजींनाही तसंच सांगितलंय."

नानांनी फावडं टेकवलं.

"खरं सांगा वहिनी. तुमले जोयजे का?"

"हो. मले पाहिजे." माहेरची बोली तोंडात आली, आवरली नाही.

"मंग आजलोंग काबर नही सांगं?"

म्हटलं, पहिल्या वेळी नको होती. दुसऱ्या वेळी हवी होती आणि सांगायची लाज वाटली. तुम्हीच सोडावी म्हणून गप्प बसले. आणि फरशीच्या दिवशी तुम्हाला विसरले, त्याला तर काही कारणच नाही.

"माले भी जोयजे व्हती," नाना म्हणाले. रागाने नाही. पीक गेलं हे सांगावं तसं. "भाऊ व्हतात तवय पासून. कोनी इचारं नही. तुम्ही भी नही."



मी फॉर्म पुढे केला. हात चिखलाचे म्हणून त्यांनी आधी पाटात धुतले, धोतराला पुसले, खिशातून चष्मा काढून लावला. दोन्ही पानं वाचली. सूचकाच्या रेघेवर बोट ठेवलं, तिथेच थोडं थांबलं. मग घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

"ठेवसू मापाशी," म्हणाले, आणि फावडं उचलून दुसऱ्या सरीकडे गेले.

ना हो, ना नाही. मी निघून आले.

८ फेब्रु., सकाळ, साडेअकरा

नाना सातच्या एस.टी.ने भडगावला गेले. मी आंघोळीला होते. द्वारका म्हणाली, काळा कोट घालून गेले. पाच वर्षांपूर्वी शिवलेला, आज पहिल्यांदा. कागद बरोबर नेला. काय म्हणाले विचारलं, तर म्हणाली, "काही नही." मग थोड्या वेळाने आपण होऊन माझ्यापुढे चहा ठेवला. दहा दिवसांनी.

शेठजी नऊपासून ओसरीवर. दुसरा कोरा फॉर्म घेऊन आलेत, आपली सही करून. फक्त माझी हवी. "अक्का, नाना स्वतःचा फॉर्म भरायला गेले असतील. कोट घालून माणूस दुसऱ्याचा सूचक व्हायला जातो का? तीनला दार बंद होईल. हा खिशात असू द्या, लागला तर लागला."

गावातल्या चार जणांनी येऊन सांगितलं, नाना कचेरीबाहेर बाकावर बसलेत. एकटे. कुणाशी बोलत नाहीत.

आपला फॉर्म भरायचा असता तर आत गेले असते. माझ्यावर सही करायची असती तर मला बरोबर नेलं असतं. का माझी वाट बघताहेत? का मी येतेच का नाही ते बघताहेत? काही कळत नाही. भीती वाटतेय, हे खरं. हरण्याची आधी कधी वाटली नव्हती एवढी.

शेठजींचा फॉर्म त्यांना परत दिला. फाडला नाही, नुसता परत दिला. म्हटलं, जीप काढायला सांगा. मी नानांच्या शेजारी बाकावर जाऊन बसते. ते उठून आत गेले तर आत जाऊ देत. नाहीतर तीनपर्यंत बसते.

शेठजी म्हणाले, "आणि तीन वाजले तर?"

म्हटलं, नाना सात वर्षं थांबले. मला साडेतीन तास थांबायला काय झालं?

जीप आली.